थ्रो-इन हा पास आहे, तो पास म्हणून शिकवा : बालगट आणि कुमारगटाच्या फुटबॉल प्रशिक्षकांना खुले पत्र

प्रशिक्षक मित्रमैत्रिणींनो,

सस्नेह नमस्कार.

दहा-बारा वर्षांच्या मुलांचा कुठलाही सामना बघायला उभे राहा आणि थोडा वेळ फक्त थ्रो-इनकडे लक्ष द्या. चेंडू बाहेर जातो. जवळचा मुलगा धावत जाऊन तो उचलतो, रेषेवर येतो आणि थांबतो. आतले सगळे त्याच्याकडे तोंड करून उभे, कुणी जागचे हलत नाही. बाहेरून ओरडा सुरू होतो, 'लाइनने टाक, लाइनने!' मुलगा इकडेतिकडे बघतो आणि शेवटी रेषेला धरून, अंगात असेल नसेल तेवढ्या ताकदीने चेंडू फेकतो. तिथे आपले दोन, समोरचे तीन. चेंडू उसळतो, कुणाच्या तरी गुडघ्याला लागतो आणि एक तर पुन्हा बाहेर जातो, नाहीतर समोरच्या संघाला मिळतो. या सगळ्यात प्रशिक्षकाकडून एकच सूचना आलेली असते: मागचा पाय उचलू नकोस.

पाय जमिनीवर राहिले, रेफ्रीने शिट्टी वाजवली नाही, की आपले काम झाले असे आपण धरून चालतो. चेंडू पुढे कुणाकडे गेला, हे त्या मुलाला फारसे कुणी विचारत नाही. तोच मुलगा पायाने असा पास समोरच्याला देऊन बसला असता, तर आपण खेळ थांबवून त्याला समजावले असते. थ्रो-इन आपण नियम म्हणून शिकवतो, पास म्हणून शिकवत नाही. हे बदलावे, म्हणून हे पत्र.

व्यावसायिक सामन्यात दोन्ही संघांचे मिळून साधारण चाळीसएक थ्रो-इन होतात. मुलांच्या सामन्यात वेळ कमी असतो हे खरे, पण मैदानही लहान असते आणि पहिला टच अजून पक्का झालेला नसतो, त्यामुळे चेंडू सारखा बाहेर जातो. कॉर्नर त्या मानाने मोजकेच मिळतात. तरी सरावात कॉर्नर कुणी मारायचा, कुणी कुठून धावायचे हे ठरलेले असते आणि थ्रो-इन 'बघू तेव्हा' यावर सोडलेला असतो. बऱ्याच ठिकाणी तर सरावाच्या खेळात थ्रो-इन होतच नाही. चेंडू बाहेर गेला की वेळ वाचावा म्हणून प्रशिक्षक दुसरा चेंडू आत लोटतो आणि खेळ पुढे चालू राहतो. हेतू चांगलाच असतो. पण त्यामुळे सामन्यात इतक्या वेळा करावी लागणारी गोष्ट मुले सरावात जवळजवळ कधीच करत नाहीत.

थ्रो-इन अवघड असतो, हे आधी मान्य करू. फेकणारा रेषेबाहेर असल्याने आत आपला एक खेळाडू कमी पडतो. अकरा जणांच्या खेळात दहा विरुद्ध अकरा, सात जणांच्या खेळात सहा विरुद्ध सात. संघ जितका लहान, तितका हा तोटा मोठा. एका बाजूला टचलाइन, म्हणजे मैदानाच्या कडेची रेषा, असल्याने चेंडूला जायला निम्म्याच दिशा उरतात आणि समोरचा संघ नेमक्या त्याच भागात गोळा होतो. शिवाय पायाने दिलेला पास जमिनीवरून येतो. हा हवेतून येतो, टप्पा घेतो, आणि ज्याने तो घ्यायचा त्याच्या पाठीला बहुतेक वेळा कुणीतरी चिकटलेले असते.

आता दुसरी बाजू बघा. चेंडू हातात असतो आणि या वयात मुलांचे हात पायांपेक्षा कितीतरी नेमके असतात. तो कुणी हिसकावून घेऊ शकत नाही; समोरच्या खेळाडूने रेषेवरच्या त्या जागेपासून किमान २ मीटर लांब राहायचे असते. मान वर करून मैदान बघायला वेळ मिळतो, जो चालू खेळात या मुलांना क्वचितच मिळतो. आणि थ्रो-इनवरून थेट चेंडू घेणारा खेळाडू ऑफसाइड ठरत नाही, म्हणजे समोरच्या बचावपटूंच्या पलीकडे उभे राहून चेंडू घेतला तरी इथे चूक धरत नाहीत. इतक्या सवलती एका पासला एकदम मिळत असताना तो डोळे मिटून लाइनने फेकून देणे, हे मुलांच्या माथी मारलेले नुकसान आहे.

मोठ्यांच्या फुटबॉलनेही ही गोष्ट उशिराच मनावर घेतली. २०१८ साली लिव्हरपूल या इंग्लिश क्लबचे तेव्हाचे व्यवस्थापक युर्गन क्लॉप यांनी थॉमस ग्रोनेमार्क या डॅनिश प्रशिक्षकाला खास थ्रो-इन शिकवण्यासाठी नेमले, तेव्हा काही माजी खेळाडूंनी या नेमणुकीची जाहीर खिल्ली उडवली. ग्रोनेमार्क यांनी पुढे सांगितलेले आकडे असे: आधीच्या हंगामात लिव्हरपूलने दबावाखाली घेतलेल्या थ्रो-इनपैकी ४५.४ टक्के वेळा चेंडू त्यांच्याकडे राहत होता. ग्रोनेमार्क यांच्या पहिल्या हंगामात हे प्रमाण ६८.४ टक्क्यांवर गेले, आणि या बाबतीत प्रीमियर लीगमध्ये अठराव्या असलेल्या लिव्हरपूलचा क्रमांक पहिला आला. हे ग्रोनेमार्क स्वतः लांब थ्रोचे विक्रमवीर. २०१० मध्ये त्यांनी हातांवर कोलांटी घेऊन ५१.३३ मीटर चेंडू फेकला होता. अशा माणसाने लिव्हरपूलला सर्वांत जास्त काय शिकवले, तर चेंडू आपल्याकडे कसा ठेवायचा, जागा कशी करायची, थ्रो पटकन कधी घ्यायचा. जगातल्या उत्तम खेळाडूंनाही हे शिकवावे लागले आणि शिकवल्यावर फरक पडला. मग आपल्या मुलांना ते आपोआप येईल अशी अपेक्षा कशी करायची?

नियमाबद्दल थोडे बोलायला हवे, कारण बरेच गैरसमज मैदानाबाहेरून मुलांच्या कानावर पडतात. खेळाच्या नियमांतला पंधरावा नियम थ्रो-इनचा आहे आणि तो छोटा आहे. फेकताना खेळाडू उभा असावा, तोंड मैदानाकडे असावे, दोन्ही पायांचा काही ना काही भाग रेषेवर किंवा रेषेबाहेर जमिनीला टेकलेला असावा, चेंडू दोन्ही हातांनी डोक्यामागून आणि डोक्यावरून फेकावा, आणि जिथून तो बाहेर गेला तिथूनच फेकावा. एवढेच. म्हणजे रेषेवर पाय आला तर फाउल नाही. टाच उचलली पण चवडा टेकलेला असला तर फाउल नाही. चेंडूला फिरकी बसली म्हणूनही फाउल होत नाही. तेवढ्यावरून ओरडणारे प्रेक्षक मुलाला उगाच घाबरवतात. फेकलेला चेंडू मैदानात शिरण्याआधीच बाहेर जमिनीला लागला, तर त्याच संघाने त्याच जागेवरून पुन्हा फेकायचा असतो. थ्रो-इनवरून थेट गोल होत नाही. आणि फेकणाऱ्याने दुसऱ्या कुणाचा स्पर्श होण्याआधी स्वतः चेंडूला हात-पाय लावायचा नाही. हे सगळे एका सरावात, चेंडू हातात देऊन, करून दाखवता येते. त्यावर महिनेच्या महिने घालवायची गरज नाही.

तंत्रही सोपे आहे. बोटे पसरलेली, अंगठे चेंडूच्या मागे एकमेकांजवळ, चेंडू मानेमागपर्यंत नेलेला, छाती जिकडे फेकायचे तिकडे. अगदी लहान मुलांना दोन्ही पाय शेजारी शेजारी, खांद्याइतके अंतर ठेवून उभे करावे. एक पाय पुढे घेऊन फेकणे नंतर शिकवावे, आणि तेव्हा मागच्या बुटाचे टोक जमिनीवर घासत येऊ द्यावे. चेंडू ओला असेल तर जर्सीला पुसून घ्यायची सवय लावावी. छोट्या हातांतून तो निसटतो.

माझ्या पाहण्यात, मुलांचे बहुतेक फाउल थ्रो हे तंत्र न कळल्यामुळे होत नाहीत. ते लांब फेकण्याच्या हट्टातून होतात, आणि तो हट्ट मुलांचा नसतो, बाहेर उभ्या असलेल्या मोठ्यांचा असतो. 'लांब टाक' ऐकले की मूल ताकदीपलीकडे जोर लावते, त्या जोराने मागचा पाय उचलला जातो, किंवा एक हात पुढे येऊन चेंडू तिरका सुटतो. त्याच मुलाला सहा-सात मीटरवरच्या मित्राच्या पायाशी चेंडू दे म्हणा. पाय जागेवर राहतात. म्हणून 'पाय, पाय' असे ओरडत बसण्यापेक्षा जवळ उभा असलेला, मोकळा, चेंडू मागणारा एक साथीदार त्याला मिळवून द्यावा. फाउल थ्रोचा प्रश्न त्यातून बराचसा सुटतो.

आणि इथेच खरी मेख आहे. थ्रो-इन चांगला होतो तो फेकणाऱ्यामुळे कमी आणि आतल्या मुलांमुळे जास्त. आपण मात्र सगळे लक्ष फेकणाऱ्यावर देतो.

आतली मुले दोन प्रकारे चुकतात. काही नुसती उभी राहतात, तर काही संघांत सगळीच्या सगळी चेंडूकडे धावत येतात आणि आपल्याबरोबर आपापला बचावपटूही घेऊन येतात. परिणाम सारखाच, फेकायला जागा उरत नाही. त्यांना पहिली गोष्ट ही शिकवावी की एक जण जवळ आला तर दुसऱ्याने लांब जायचे. लांब जाणारा आपल्यामागे बचावपटूला ओढून नेतो आणि जवळ येणाऱ्याला जागा होते. बचावपटू मागे गेलाच नाही, तर लांब गेलेलाच मोकळा होतो. दोघांपैकी कुणाला द्यायचा हे फेकणाऱ्याने बघून ठरवायचे. दहा वर्षांच्या मुलांना हे समजते. त्यांना ते दोन-चार वेळा हळूहळू चालत करून दाखवावे लागते इतकेच.

दुसरी गोष्ट वेळेची. मूल बहुधा फार लवकर धावते. फेकणारा अजून चेंडू उचलतोय आणि हा चेंडू मागत त्याच्यापाशी येऊन थांबलेला. तोवर बचावपटू पाठीशी येऊन उभा राहतो. आधी दोन पावले दूर जायचे, चेंडू डोक्यामागे गेला की वळून यायचे. चेंडू मागे जाणे हाच इशारा. दूर जाण्याचे सोंग खरे वाटले पाहिजे. मुलांना हा भाग फार आवडतो आणि ती त्यात स्वतःच्या युक्त्या भरतात. दोन मुलांनी एकमेकांचा मार्ग कापत जागा बदलणे हीसुद्धा अशीच एक युक्ती. त्यात मार्किंग करणाऱ्यांचा क्षणभर गोंधळ होतो आणि तेवढा क्षण पुरतो.

तिसरी गोष्ट चेंडू कसा पोचतो याची. लहान मुलाच्या गुडघ्यावर किंवा मांडीवर उसळत आलेला चेंडू त्याला आवरत नाही, मग तो चेंडू समोरच्याचाच होतो. पायाशी पोचेल असा, हलक्या हाताने, आणि बचावपटू ज्या बाजूला आहे त्याच्या उलट पायावर द्यायला शिकवा. मोठ्या मुलांना छातीवर किंवा धावण्याच्या पुढे मोकळ्या जागेत देता येतो. फेकणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा: तुझ्या मित्राला तो चेंडू घेणे सोपे गेले का?

आता ज्या एका गोष्टीने सर्वांत लवकर फरक पडतो ती सांगतो. समोरचा संघ मैदानात असलेल्या सगळ्यांना धरतो, पण फेकणाऱ्याला कुणीच धरत नाही. चेंडू सुटला की फेकणाऱ्याने लगेच आत यायचे आणि घेणाऱ्याने पहिल्याच स्पर्शात, पायाच्या आतल्या बाजूने, तो त्यालाच परत द्यायचा. पाठीवर बचावपटू असला तरी हे जमते, कारण घेणाऱ्याला वळावे लागत नाही. आत दहा विरुद्ध अकरा होते ते एका स्पर्शात अकरा विरुद्ध अकरा होते, आणि चेंडू ज्याच्याकडे आला त्याचे तोंड पूर्ण मैदानाकडे असते. यापुढचा पास कुठे? आत, मधल्या खेळाडूकडे, आणि तिथून पलीकडच्या बाजूला. समोरचा सगळा संघ थ्रो-इनच्या बाजूला सरकलेला असतो, म्हणजे पलीकडे जागा मोकळीच असते. लाइनने फेकलेला चेंडू गर्दीतून आणखी गर्दीत जातो. परत घेतलेला चेंडू गर्दीतून बाहेर पडतो. हे मुलांना एकदा दिसले की त्यांना पुन्हा सांगावे लागत नाही.

ऑफसाइडची सवलत तर मुलांना बहुधा माहीतच नसते. थ्रो-इनवर ऑफसाइड नाही हा नियम १९२० पासून आहे, शंभराहून जास्त वर्षे झाली, आणि तरी आक्रमणातले मूल थ्रो-इनच्या वेळी सवयीने शेवटच्या बचावपटूच्या अलीकडे येऊन उभे राहते. त्याला पलीकडे जाऊ द्या. तो तिथे गेला की बचावाला एक तर त्याच्याबरोबर मागे जावे लागते, म्हणजे मधे जागा होते, नाहीतर त्याला मोकळा सोडावा लागतो. एवढे मात्र त्याला नीट सांगा की ही सूट फक्त थेट थ्रोपुरती आहे; मधे साथीदाराने चेंडू पुढे खेळवला की नेहमीचा नियम लागू होतो. मुलांना नियमातली अशी वाट सापडली की किती आनंद होतो, हे तुम्ही स्वतः बघाल.

मागे फेकायलाही शिकवा. मागच्या बचावपटूकडे किंवा गोलकीपरकडे दिलेला थ्रो म्हणजे भित्रेपणा, असे मुलांच्या मनात कुणी तरी भरवलेले असते. मोकळा साथीदार मागे असेल तर चेंडू मागेच द्यायचा. गोलकीपरला मात्र तो हातात घेता येत नाही, पायानेच खेळावा लागतो, हे त्यालाही आणि फेकणाऱ्यालाही माहीत हवे. आपल्या गोलच्या अगदी जवळ, समोरच्यांनी सगळ्यांना घट्ट धरलेले असेल, तेव्हा लाइनने लांब टाकणे शहाणपणाचे असते. माझा विरोध त्या थ्रोला नाही. पर्याय न बघता प्रत्येक वेळी तोच घेण्याला आहे.

पटकन घेतलेल्या थ्रोचेही असेच. चेंडू बाहेर गेल्यावर दोन-तीन सेकंद समोरचा संघ ढिला पडतो. तेवढ्यात जवळच्या मुलाने चेंडू उचलून मोकळ्या साथीदाराला दिला, तर वरचे सगळे डावपेच करायची वेळच येत नाही. यासाठी थ्रो कुणी एकानेच घ्यायचा हा शिरस्ता बालगटात तरी सोडावा. फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, येईपर्यंत वाट बघत चेंडू धरून ठेवणारी मुले आपण नेहमी बघतो. बारा-तेरा वर्षांपर्यंत प्रत्येक मुलाला थ्रो घेता आला पाहिजे आणि प्रत्येकाला तो स्वीकारता आला पाहिजे. पुढे कोण कुठल्या जागेवर खेळेल हे आज कुणालाच ठाऊक नसते.

सराव कसा घ्यायचा? रांगेत उभे करून एकामागून एक थ्रो घ्यायला लावू नका. त्यात फक्त हात शिकतात. सुरुवात एक फेकणारा, दोन घेणारे आणि एक बचावपटू यांच्यापासून करा. घेणाऱ्याने चेंडू फेकणाऱ्याला परत दिला आणि त्याने तो पुढे नेला की एक गुण. जमू लागले की दुसरा बचावपटू घाला. मग चार विरुद्ध चारचा छोटा खेळ, ज्यात गोल झाला तरी, चेंडू मागच्या रेषेवरून गेला तरी, प्रत्येक सुरुवात थ्रो-इनने. थ्रोनंतर तीन पास जोडले तर एक गुण. चेंडू पलीकडच्या बाजूला पोचला तर दोन. मी मुलांना काही न सांगता आधी पाच मिनिटे खेळू देतो, मग थांबवून विचारतो की चेंडू कुठे हरवतोय. त्यांची उत्तरे बहुधा बरोबर असतात. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे हे केले तरी पुरे. आणि सरावाच्या मोठ्या खेळात दुसरा चेंडू आत लोटणे बंद करा. चेंडू बाहेर गेला, तर मुलांना तो आणू द्या आणि फेकू द्या.

लांब थ्रोबद्दल लिहिले नाही तर हे पत्र अपुरे राहील, कारण मुलांनी टीव्हीवर तोच पाहिलेला असतो. तरुणपणी भालाफेक केलेल्या रोरी डेलापने २००८ च्या सुमारास स्टोक सिटी या इंग्लिश क्लबकडून फेकलेल्या थ्रोंची इतकी धास्ती होती, की हल सिटीच्या गोलकीपरने एकदा थ्रो-इनऐवजी कॉर्नर देणे पसंत केले. २०१६ च्या युरो स्पर्धेत आइसलँडने इंग्लंडला २-१ ने हरवले, त्यातला आइसलँडचा पहिला गोल आरोन गुन्नारसनच्या लांब थ्रोवरून आला. मुलांना तो गोल जरूर दाखवा, पण लांब फेकीसाठी नाही, आतल्या खेळाडूंच्या धावण्यासाठी. चेंडू पेनल्टी क्षेत्रात आला, कारी आर्नासनने तो डोक्याने पुढे दिला आणि राग्नार सिगुर्डसन नेमक्या जागी धावत आला होता. ती दोन धावणी आधी ठरलेली नसती, तर तो थ्रो नुसताच लांब ठरला असता.

पण अकरा वर्षांच्या संघात अंगाने मोठा असलेला एक मुलगा शोधून त्याच्याकडून प्रत्येक थ्रो गोलसमोर फेकून घेणे, हे मला पटत नाही. त्याने या हंगामात सामने जिंकता येतात. त्या बदल्यात बाकीची मुले गर्दीत उड्या मारायला शिकतात आणि तो मुलगा खेळायचाच राहतो. दोन वर्षांत बाकीचे उंच होतात आणि हाती काही उरत नाही. वाढत्या वयात कंबर आणि खांद्यावर पुन्हा पुन्हा पूर्ण जोर टाकणे हेही मला योग्य वाटत नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी, अंगात ताकद आल्यावर, ज्याला आवड आहे त्याला तंत्र शिकवावे. कोलांटी घेऊन थ्रो टाकण्याचा नाद मात्र वेळीच मोडा. २०१८ च्या विश्वचषकात स्पेनविरुद्ध इराणच्या मिलाद मोहम्मदीने अखेरच्या क्षणांत कोलांटी घेतली, चेंडू सोडलाच नाही, आणि मागे जाऊन साधा थ्रो घेतला. सराव झालेल्या खेळाडूलाही ते साधत नाही. मुलांच्या मानेला आणि मनगटाला त्यातून खरी इजा होऊ शकते.

समोरचा संघ थ्रो घेतो तेव्हा काय करायचे, हे थोडक्यात. चेंडूकडे बघत बसायचे नाही, आपला माणूस नजरेत ठेवायचा. आणि थ्रो सुटल्यावर फेकणाऱ्याकडे कुणी जायचे ते आधीच ठरवायचे. फेकणाऱ्यासमोर हात हलवत नाचणे किंवा २ मीटरच्या आत घुसणे हे नियमात बसत नाही, त्याला पिवळे कार्ड मिळू शकते. मुलांना ते करू देऊ नका.

पालकांशीही एकदा बोला. हंगामाच्या सुरुवातीला पाच मिनिटे पुरतात. 'आम्ही मुलांना थ्रो-इनवर पर्याय बघायला शिकवतो आहोत. काही वेळा चेंडू जाईल, पण बाहेरून दिशा सांगू नका.' बहुतेक पालक हे ऐकतात, कारण त्यांच्या ओरडण्यामागे मुलाला मदत करण्याचीच इच्छा असते.

आता थोडे स्पर्धा भरवणाऱ्यांना आणि रेफ्रींना, कारण हे पत्र त्यांच्याही वाचनात येईल अशी आशा आहे. मोठ्यांच्या सामन्यात चुकीचा थ्रो झाला की थ्रो समोरच्या संघाला जातो आणि तसेच असावे. पण आठ-नऊ वर्षांच्या मुलाकडून ते काढून घेतल्याने तो काही शिकत नाही. काय चुकले ते एका वाक्यात सांगून त्याला पुन्हा फेकू द्या, दुसऱ्यांदा चुकला तर मग समोरच्याला द्या. हे रेफ्रीच्या मर्जीवर सोडू नका, स्पर्धेच्या नियमावलीत लिहा, म्हणजे कुणाला तक्रार करायला जागा राहत नाही. त्याहून लहान मुलांसाठी थ्रो-इन नसला तरी चालेल. जर्मनीत सर्वांत लहान गटांच्या खेळप्रकारांत चेंडू ड्रिबल करत, म्हणजे पायाने ढकलत, आत आणतात, आणि त्या वयाला ते शोभते. मोठ्या मुलांसाठी थ्रो-इनऐवजी पायाने चेंडू आत मारायची कल्पना अधूनमधून येते. १९९३ मध्ये जपानमधल्या १७ वर्षांखालील जागतिक स्पर्धेत ती वापरूनही पाहिली गेली, पण पुढे स्वीकारली गेली नाही. माझे मत थ्रो-इनच्या बाजूने आहे. पायाने मारायला दिले तर मुलांना चेंडू लांब भिरकावायला आणखी एक निमित्त मिळेल.

आणखी एक मागणी, जी सर्वांत स्वस्त आहे. मुलांच्या मैदानांवर प्रेक्षक, खुर्च्या, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या अगदी टचलाइनला चिकटून असतात. फेकणाऱ्याला मागे एक पाऊल घ्यायला जागा नसते, कोपर कुणाला तरी लागते, आणि कानाशी चार मोठी माणसे बोलत असतात. अशा वेळी मुलाने मान वर करून मैदान कसे बघायचे? रेषेपासून दोन-तीन मीटरवर दुसरी रेषा आखा आणि सगळ्यांना तिच्या मागे उभे करा. चुन्याची एक पिशवी आणि सामन्याआधीची दहा मिनिटे एवढाच त्याचा खर्च.

प्रशिक्षकांना शेवटची विनंती. पुढच्या सामन्यात बाकावर बसलेल्या मुलाच्या हाती कागद-पेन्सिल द्या. दोन रकाने: थ्रो-इननंतर चेंडू आपल्याकडे राहिला, चेंडू गेला. पाच सेकंद मोजून मग खूण करायची. महिनाभर हे टिपून ठेवा आणि त्या कागदांवर मुलांशीच बोला, कारण कुठले थ्रो गेले आणि का गेले हे त्यांना आठवत असते. आणि संयोजकांनो, मागे उभे राहण्याची दुसरी रेषा आणि लहान मुलांना दुसरी संधी, या दोन गोष्टी येत्या हंगामाच्या नियमावलीत, ती छापायला जाण्याआधी, घालाव्यात.

आपला,
बालगटाचा एक प्रशिक्षक